सशाचं गवत: पाकिटातलं टिमोथी की डोंगरावरचं आपलं?

ससा पाळायचा तर गवत लागणार, इथवर सगळ्यांचं एकमत असतं. वाद सुरू होतो तो गवत कुठलं यावर. गाजर, बिस्किट, पोळीचा तुकडा हे प्रकरण तुम्ही मागे टाकलंय, आणि पेलेट, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या सुक्या खाद्याच्या गोळ्या, हे जेवण नसून तोंडीलावणं आहे हेही तुम्हाला पटलंय, असं मी धरून चालतो. पोटात जाणाऱ्यातला ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा गवताचा हवा. तो पाकिटातल्या टिमोथी नावाच्या वाळलेल्या परदेशी गवताचा असावा की मुळशी-पानशेतकडून येणाऱ्या डोंगरी गवताचा, एवढाच प्रश्न उरतो.

माझ्या घरी दोन्ही झालं. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर, एका गॅलरीच्या भरवशावर, मनुका नावाची पावणेदोन किलोची ससुली आहे. पहिली दोन वर्षं तिने डोंगरी गवत खाल्लं, गेली तीन वर्षं टिमोथी खातेय. तेव्हा जे लिहितोय ते एका सशाच्या आणि एका घराच्या अनुभवावरून. तुमच्याकडे वेगळं घडू शकतं.

आधी डोंगरी गवताची बाजू सांगतो, कारण मनाने मी अजून थोडा तिकडेच आहे.

आमच्या जवळच्या देवळाबाहेर एक मावशी गाय घेऊन बसतात. समोर गवताच्या पेंढ्या. लोक दहा रुपये देतात, पेंढी गाईला घालतात, नमस्कार करतात आणि पुढे जातात. मी दोन पेंढ्या पिशवीत घालून निघालो की मावशींना ते रुचायचं नाही. "गाईला घाला की हितंच." सशासाठी नेतोय म्हटल्यावर म्हणाल्या, "सशाला कुणी इकत घिऊन चारतंय व्हय?" पुढे ओळख झाली. त्यांचा मुलगा दिवाळीच्या आसपास गावाकडून वाळलेल्या गवताचा एक भारा आणून द्यायला लागला, आणि तो आम्हाला पुढे कितीतरी महिने पुरायचा. खर्च म्हणाल तर सांगायलाही लाज वाटावी इतका कमी.

आणि गवत म्हणून ते उत्तम होतं. मारवेल, पवना, मध्येच हरळी, चार प्रकारच्या काड्या एकत्र. मनुका त्यात तोंड खुपसून निवड करायची. एक काडी ओढायची, नापसंत पडली तर बाजूला टाकायची, दुसरी ओढायची. काड्या लांब असल्यामुळे चावणं भरपूर व्हायचं, आणि सशाला चावण्याचीच गरज असते. त्याचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. दाढा झिजतात त्या जबडा आडवा फिरवून गवत दळल्यानेच. पोटाचंही तसंच. जाड, न पचणारा चोथा आतड्याला पुढे ढकलत ठेवतो आणि बारीक भाग मागे वळून अंधांत्रात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, जाऊन आंबतो. त्याच्याच मऊ, द्राक्षाच्या इवल्या घडासारख्या लेंड्या ससा थेट तोंडाने उचलून पुन्हा खातो. किळस वाटून घेऊ नका, त्यातच त्याची जीवनसत्त्वं असतात. चोथा कमी पडला की हे सगळं यंत्र मंदावतं.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, "माळावरचे ससे इथलंच गवत खाऊन जगतात की." खरं आहे, पण तो ससा वेगळा. आपल्या माळावरचा काळ्या मानेचा ससा आणि घरातला ससा या दोन निराळ्या जाती आहेत. घरातल्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळात राहणारे. शिवाय माळावरचा ससा शंभर झाडांतून हवं ते पान निवडतो. आपला बिचारा आपण जे टाकू त्यातलंच निवडणार.

टिमोथीबद्दल मी सुरुवातीला साशंकच होतो. नाव ऐकून वाटलं, एखाद्या पाद्रीबाबांनी लावलं असावं. निघाला शेतकरी. अठराव्या शतकात अमेरिकेत टिमोथी हॅन्सन नावाच्या माणसाने या गवताचा प्रसार केला, म्हणून हे नाव. थंड मुलखाचं गवत, दख्खनच्या उन्हात ते कसं तग धरणार? म्हणजे बाहेरून येणार, आणि किंमतही बाहेरची असणार. किलोला मी पाचशेपासून आठशेपर्यंत मोजलेत, आणि मनुकाला महिन्याला दीड-दोन किलो लागतं. आमच्या सौ. एकदा हिशेबाची वही मिटून म्हणाल्या, "सशाचं जेवण परदेशातून येतं आणि माझी आई एसटीनं."

टिमोथीचे इतर त्रासही सांगून टाकतो, म्हणजे मी एकतर्फी लिहिलं असं होणार नाही. पाकीट ऐनवेळी संपतं आणि दुकानदार "पुढच्या आठवड्यात" म्हणतो. तळाशी मूठभर भुसा निघतोच. कधी हिरवंगार, चहाच्या पत्तीसारखा वास येणारं पाकीट मिळतं, तर कधी पिवळट आणि नुसत्या दांड्यांचं. पहिल्या कापणीचं गवत दांड्यांचं आणि भरड, पुढच्या कापण्यांचं पानाळ आणि मऊ. पाकिटावर कापणी लिहिलेली असेल तर पाहून घ्या. तुमचा ससा एकदा मऊ पानांना सोकावला की दांड्यांकडे ढुंकून पाहत नाही. आमच्याकडे पाकीट बदललं की दोन दिवस रुसवा ठरलेला, म्हणून जुनं संपायच्या आत नवं आणून आठवडाभर मिसळून देतो.

एवढं सगळं असूनही मी टिमोथीकडे गेलो, त्याला कारण कुसळं.

डोंगरावर गवत कापायला गेलेल्याला हे सांगायला नको. आमच्या भाऱ्यात कुसळी गवत असायचंच. तिचं बी म्हणजे एक टोकदार सुई, सुईवर मागे वळलेले केस आणि वर पिळाची लांब शेपटी. ओल लागली की शेपटीचा पीळ उलगडतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि या फिरण्याने सुई स्क्रूसारखी आत जाते. बीला मातीत रुजायला सोपं जावं म्हणून ही सोय. पण ते मोज्यात शिरलं तर मोज्यात रुजतं, सोफ्यात शिरलं तर सोफ्यात. वॉशिंग मशीनमधून टॉवेल धुऊन निघाला आणि तोंड पुसताना गालाला टोचलं, असं आमच्या घरातल्या प्रत्येकाच्या बाबतीत झालंय. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ कसं दिसत असेल, हा प्रश्न मला त्या दोन वर्षांत कधी पडला नाही. सगळीकडे कुसळंच दिसायची.

मग सशाच्या ओल्या तोंडात ते काय करत असेल?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मनुका कोपऱ्यात पाठीचा गोळा करून बसली. कोथिंबीर पुढे केली, तोंड फिरवलं. दात कराकरा वाजत होते. ट्रेमध्ये पाहिलं तर दुपारपासून एकही लेंडी नाही. ससा पाळणाऱ्याला यापेक्षा वाईट दृश्य दुसरं नसतं. सशाला उलटी होत नाही. पोट थांबलं की गॅस कोंडतो, दुखतं म्हणून तो खात नाही, आणि खात नाही म्हणून पोट आणखी थांबतं. दहा-बारा तास असे गेले तर ती तातडीची वेळ समजायची, सकाळपर्यंत थांबायचं नाही. बाहेर माळा फुटत होत्या आणि आम्ही बास्केटवर शाल टाकून सशावर उपचार करणारे डॉक्टर शोधत शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो.

डॉक्टरांनी पोटाला नळी लावली. एरवी तिथे गुडगुड ऐकू येते, त्या दिवशी शांतता. कानात बघायचं यंत्र तोंडात घालून त्यांनी दाढा पाहिल्या आणि चिमट्याने खालच्या दाढेशेजारून, गालाच्या आतून, एक कुसळ काढलं. साधारण नखाएवढं. तिथे जखम झाली होती. एक्स-रेमध्ये अडथळा नाही याची खात्री झाली, मग वेदनाशामक, सलाइन आणि घरी भिजवलेले पेलेट पातळ करून सिरिंजने. (अडथळा नाही हे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय असं जबरदस्तीने भरवू नका. आणि घरातल्या डब्यातलं माणसाचं औषध तर मुळीच नाही. अमॉक्सिसिलिन तोंडावाटे गेलं तर सशाच्या पोटातले चांगले जंतू मरून ते जिवावर बेतू शकतं.) पाडव्याला दुपारी तीन वाजता सात लेंड्या पडल्या. मोजल्या.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर दोष फटाक्यांचाही असू शकतो. घाबरूनही सशाचं पोट थांबतं, हे डॉक्टरच म्हणाले. पण फटाके वर्षातून चार दिवस, आणि भारा गॅलरीत वर्षभर.

मी लगेच हार मानली नाही. रोज संध्याकाळी तांदूळ निवडावेत तसं गवत निवडायला बसलो. परातीत मूठभर गवत, डोळ्यांवर चष्मा, बाजूला वाटीत कुसळं. एका वेळच्या गवताला वीस मिनिटं. बातम्या संपायच्या, परात संपायची नाही. आणि एवढं करून सोफ्यात नवं सापडायचंच.

मग वाटलं, कुसळं धरायच्या आतच गवत कापलं तर? मावशींच्या मुलाला सांगितलं, त्याने भाद्रपदात कोवळं, ओलं गवत आणून दिलं. गॅलरीत पसरलं तर पाऊस आत. हॉलमध्ये जुन्या चादरीवर पसरून पंखा लावला. तिसऱ्या दिवशी ढिगात हात घातला तर आत गरम लागलं, कुबट वास आला आणि मधल्या काड्यांवर पांढरी जाळी होती. सगळं फेकलं. बुरशीचं गवत सशाला देण्यापेक्षा उपास बरा म्हणावं, तर सशाला उपासही चालत नाही.

डोंगरी गवताचा पेच हाच आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला तो सुटत नाही. पावसात कापावं तर वाळत नाही, वाळल्यावर कापावं तर कुसळं. गावाकडे पडवी असेल, माळा असेल, कोरडी हवा असेल, किंवा स्वतःच्या बांधावरचं निवडक मारवेल फुलोऱ्यात येताना कापून सावलीत वाळवता येत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तुम्ही पाकिटावर पैसे का घालवावेत?

लेंड्यांवरून म्हणाल तर चांगल्या डोंगरी गवतावर आणि टिमोथीवर मला फारसा फरक दिसला नाही. दोन्हीवर मोठ्या, फिकट सोनेरी, बोटांनी चुरल्या तर लाकडाच्या भुशासारख्या सुटणाऱ्या. फरक पडायचा तो पावसाळ्यात. पेंढीतलं ओलं, कोवळं गवत एकदम जास्त झालं की लेंड्या लहान, काळपट, चिकट, आणि मऊ घड न खाता गालिच्यावर तुडवलेले. टिमोथीवर आषाढ आणि वैशाख सारखेच जातात. फक्त पावसाळ्यात पाकीट फोडल्यावर गवत प्लास्टिकमध्ये ठेवू नका, घाम धरतं. जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून टांगा.

बाकीचे पर्याय थोडक्यात. लसूणघास सहा महिन्यांखालच्या पिल्लाला ठीक, मोठ्या सशाला रोज नको. त्यात कॅल्शियम भरपूर, ससा ते लागेल तेवढंच न घेता बरंचसं शोषतो आणि मग लघवीतून खडूसारखं पांढरं बाहेर टाकतो. भाताचा पेंढा खाली अंथरायला. ज्वारीचा कडबा जाड पडतो, आणि कोवळी ज्वारी तर गुराढोरांनाही विषारी, तिच्या वाटेला जाऊ नये. रस्त्याकडेचं गवत फुकट असलं तरी त्यावर फवारणी आणि कुत्री दोन्ही झालेली असतात. आणि एक विनंती, नावाला भुलू नका. माझ्या एका शेजाऱ्याने कौतुकाने गाजरगवत उपटून आणलं होतं. गाजर आहे, गवत आहे, सशाला आणखी काय हवं, असा त्यांचा हिशेब. ते विषारी तण आहे, आणि हाताळणाऱ्यालाही खाज सुटते.

हरळीला मात्र माझ्याकडे अजून जागा आहे. मंडईतून दूर्वांची जुडी आणतो, धुतो, फडक्यावर निथळवतो, आणि संध्याकाळी मनुकाला मूठभर देतो. गणपतीच्या दिवसांत जुडी महाग होते तेव्हा बाप्पाचा मान आधी, तिचा नंतर.

बजेट अगदीच ताणलेलं असेल तर अर्धं-अर्धं करून पाहा, पण भाऱ्यातलं अर्धं निवडायची वीस मिनिटं रोज आहेत का, ते आधी स्वतःला विचारा. माझ्याकडे नव्हती. उरलेला अर्धा भारा मी रिक्षात घालून मावशींकडे परत नेला. पैसे नको म्हटलं. गाईने तो कुसळांसकट उभ्या उभ्या खाल्ला, आणि मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सांगितलं हुतं न्हवं, गाईला घाला म्हनून."