गाडीच्या रेडिओतील शीळ आणि खरखर: नॉइज फिल्टर व नव्या प्लग वायरी, उन्हाळा ते दिवाळी

ठाण्यात घोडबंदर रस्ता आणि तिथून ऐरोलीमार्गे ठाणे-बेलापूर रस्ता हा माझा नेहमीचा मार्ग आहे. गाडी दहा वर्षांहून जुनी असून पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालते. प्रवासात मी एफएम गोल्ड (१००.७ मेगाहर्ट्झ) आणि मध्यम लहरींवरील अस्मिता वाहिनी (५५८ किलोहर्ट्झ) ऐकतो. दोन्हीकडे इंजिनचा उपद्रव होता, पण तो एकसारखा नव्हता. एफएमवर गाडी रेस केली की चढत जाणारी बारीक शीळ येत असे, तर मध्यम लहरींवर इंजिनच्या वेगाबरोबर दाट होणारी टकटक आणि खरखर. दुकानदार या दोन्हींवर एकच नॉइज फिल्टर (स्टिरिओच्या पुरवठ्याच्या वायरीत बसवायची डबी) पुढे करतात. तो शिळेवर चालतो, टकटकीवर जवळपास नाही.

याचे कारण दोन्ही आवाजांच्या वाटा वेगळ्या आहेत. शीळ येते ती अल्टरनेटरमधून, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या वीजनिर्मिती यंत्रातून. तो तीन फेजची एसी वीज निर्माण करतो आणि आतील डायोड तिची डीसी करतात. मात्र त्या डीसीवर थोडी लहर शिल्लक राहते आणि ती पुरवठ्याच्या वायरीतून किंवा कच्च्या अर्थिंगमधून (गाडीच्या पत्र्याशी असलेल्या जोडणीतून) स्टिरिओत शिरते. टकटक येते ती स्पार्कमधून. प्रत्येक ठिणगी हा एक छोटा रेडिओ-प्रक्षेपकच असतो आणि त्याचा आवाज अँटेना पकडतो. एफएमपेक्षा मध्यम लहरींवर तो जास्त जाणवतो, कारण तिथे आवाज रेडिओ लहरीच्या उंचीतील चढउतारांवर वाहून नेला जातो आणि ठिणगी नेमका त्याच उंचीला धक्का देते.

कोणता आवाज कुठून येतो हे ठरवायला खर्च येत नाही. इंजिन चालू ठेवून स्टिरिओच्या मागची अँटेनाची पिन ओढून काढावी. आवाज थांबला तर तो अँटेनातून येत होता. तसाच राहिला तर वायरी किंवा अर्थिंग तपासावे. माझ्याकडे पिन काढताच टकटक गेली आणि शीळ जशीच्या तशी राहिली.

शिळेसाठी प्रथम अर्थिंग पाहिले. स्टिरिओ बसवणाऱ्या दुकानाने अर्थची वायर डॅशबोर्डमागच्या एका रंगवलेल्या पट्टीच्या स्क्रूला नुसती पीळ देऊन गुंडाळली होती. तिच्या टोकाला थिंबल (स्क्रूखाली बसणारी धातूची कडी) दाबून घेतले, पट्टीवरचा रंग पॉलिश पेपरने चमकता पत्रा दिसेपर्यंत खरवडला आणि दातेरी वॉशर घालून स्क्रू आवळला. तेवढ्यानेच शीळ निम्म्यावर आली. त्यानंतर स्टिरिओचा मुख्य पुरवठा फ्यूज बॉक्सऐवजी थेट बॅटरीवरून घेतला. बॅटरी ही लहर बऱ्याच अंशी शोषून घेते, म्हणून हा बदल उपयोगी पडतो. मात्र बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच, नाहीतर वायर कुठे घासून उघडी पडल्यास आगीचा धोका असतो. उरलेल्या शिळेसाठी १० अँपिअरचा फिल्टर स्टिरिओच्या मागे लावला. त्याच्या डबीत चोक (तारेचे वेटोळे) आणि कपॅसिटर असतात. पाचशे रुपयांच्या आतील ही वस्तू इतक्या महिन्यांत एकदाही बिघडलेली नाही, पण एवढ्याच पैशांत एकच काम करायचे असते, तर मी वायर आणि थिंबल घेतले असते. स्वस्तातले २-३ अँपिअरचे फिल्टर चार स्पीकरच्या स्टिरिओला लावू नयेत. आवाज वाढवला की ते तापतात.

टकटकीचे मूळ बॉनेटखाली सापडले. रात्री, दमट हवेत, इंजिन चालू ठेवून आणि बॉनेट उघडून दिवे बंद केले, तेव्हा स्पार्क प्लगला वीज नेणाऱ्या एका वायरच्या वाकणाजवळ निळसर ठिणग्या पत्र्याकडे उडताना स्पष्ट दिसल्या. (त्या वेळी वायरीला हात लावू नये, तिथे हजारो व्होल्टचा दाब असतो.) दुसऱ्या दिवशी इंजिन बंद करून मल्टीमीटर लावल्यावर त्याच वायरचा रोध बाकीच्यांच्या कितीतरी पट निघाला. सीएनजीला ठिणगीसाठी पेट्रोलपेक्षा जास्त दाब लागतो, त्यामुळे अशा गाड्यांच्या वायरी आणि प्लग लवकर थकतात. मी वायरींचा पूर्ण संच बदलला आणि प्लग रोधक असलेलेच घेतले. एनजीकेच्या बीपीआर६ईएससारख्या क्रमांकातील ‘आर’ हे अक्षर आतील रोधक दाखवते. ते नसलेला प्लग त्याच आट्यांत बसतो आणि गाडीही चालते, पण रेडिओचा बोऱ्या वाजतो. या बदलानंतर अस्मिता वाहिनी स्वच्छ ऐकू येऊ लागली, शिवाय उड्डाणपुलाच्या चढावर सीएनजीवर बसणारे झटकेही थांबले. रेडिओसाठी केलेल्या खर्चाने इंजिनाचे काम करून दिले, हे विशेष.

पावसाळ्यात मात्र खरखर परत आली. या वेळी दोष छतावरील अँटेनाच्या बुडाशी होता: रबराखाली पाणी जाऊन नटाभोवती गंज धरला होता, त्यामुळे केबलच्या जाळीचे अर्थिंग तुटले होते. गंज घासून, नट आवळून, वरून पेट्रोलियम जेली लावल्यावर तो प्रश्न मिटला. ज्यांची गाडी उघड्यावर उभी असते, त्यांनी हे काम जूनच्या आधीच करून घ्यावे.

डॅशकॅमच्या चार्जरच्या वायरवर क्लिपचे फेराइट (वायरीभोवती बसणारे चुंबकीय पदार्थाचे कडे) लावूनही पाहिले. एफएमच्या कमकुवत केंद्रांवरील फुसफुस कमी झाली. मध्यम लहरींवर एका वेढ्याने काहीच फरक पडला नाही, वायरचे तीन वेढे घेतल्यावर थोडा पडला, कारण परिणाम वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अल्टरनेटरच्या शिळेवर मात्र फेराइट सपशेल निरुपयोगी आहे.

रबाळे-घणसोली पट्ट्यात ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्ग रस्त्याला लागूनच जातो आणि गाडी बंद करून उभे राहिले तरी लोकल जाताना मध्यम लहरींवर कडकड ऐकू येते. ती २५ हजार व्होल्टच्या ओव्हरहेड तारेची आहे, तिच्यासाठी मेकॅनिककडे जाण्यात अर्थ नाही. वायपर चालू असताना किंचित खरखर अजून राहिली आहे. वायपरच्या मोटरला कपॅसिटर लावून ती घालवता येते, पण पाऊस संपल्यामुळे ते काम मी पुढच्या मे महिन्यावर ढकलले आहे.