आवाज न चढवणारी खलनायिका

'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट' (१९७५) या चित्रपटाची डिस्क मी घेतली ती केवळ मनोरुग्णालयातील वॉर्डची प्रमुख असलेल्या नर्स रॅचेडसाठी, आणि लुईस फ्लेचर यांनी साकारलेली ही खलनायिका पाहताना पैशांचे चीज झाले. ती आरडाओरडा करत नाही, हात उगारत नाही. नियमावर बोट ठेवूनच माणसाला नामोहरम करते. बेसबॉलचा सामना पाहता यावा म्हणून मॅकमर्फी हा बंडखोर रुग्ण मतदान घ्यायला लावतो, तेव्हा ९ हात वर होऊनही ती वॉर्डात १८ रुग्ण असल्याची आठवण करून देते, आणि धडपडीने दहावा हात वर होतो तोवर सभा संपल्याचे शांतपणे जाहीर करते. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, आणि नेमका त्याचाच संताप येतो. (पडद्यावरच्या खुन्यांविषयीही मला असा संताप क्वचितच आला आहे.) या भूमिकेसाठी फ्लेचर यांना ऑस्कर मिळाले, ते सर्वथा योग्यच होते. डिस्कवरील चित्र स्वच्छ आहे. आवाज मात्र काही ठिकाणी दबका असल्याने तो वाढवूनच पाहावा, कारण तिच्या हळू बोलण्यातली धार कानांवर पडली नाही, तर ही व्यक्तिरेखा अर्धीच पोहोचते.