पिकअपला फुल फ्लोटिंग एक्सल बसवला: 14 महिने, 11 हजार मैल

गाडी 1985 ची शेवरोले के 10. फोर व्हील ड्राइव्ह, 350 घनइंचाचं व्ही 8 इंजिन, चार गिअरची ऑटोमॅटिक, 33 इंची टायर. आम्ही कोलोरॅडोत ग्रीलीच्या पूर्वेला, उघड्या माळावर राहतो. दोन घोडे आहेत, सात शेळ्या आहेत आणि विहिरीचं पाणी पुरत नाही. आठवड्यातून दोनदा हौद्यात टाकी ठेवून 150 गॅलन पाणी आणावं लागतं, म्हणजे साधारण 570 किलो. त्याशिवाय महिन्यातून एकदा गवताच्या गठ्ठ्यांचा ट्रेलर. ही गाडी आमच्याकडे शोभेला नाही, ती बंद पडली की जनावरं तहानलेली राहतात.

मागच्या वर्षी डाव्या मागच्या ड्रमच्या आत ऑईल दिसलं. सील बदललं, पंधरा दिवसांत पुन्हा गळती. मग चाक फिरवणारा शाफ्ट बाहेर काढला आणि कराडला नानांना व्हिडिओ कॉल लावला. नाना म्हणजे माझे वडील, त्यांनी तिथे तीस वर्षं गॅरेज चालवलं. ते म्हणाले, "पुसून घे, आणि बेअरिंग बसतं तिथं नख फिरव." नख अडकलं. शाफ्टवर गोल चर पडला होता, डोळ्यांना जेमतेम दिसेल असा.

त्या जुन्या 10 बोल्ट एक्सलमध्ये (मागच्या झाकणाच्या बोल्टांवरून हे नाव) बेअरिंगचे रोलर थेट शाफ्टवरच फिरतात. म्हणजे चाक फिरवायचं कामही शाफ्टचं आणि गाडीचं वजन पेलायचंही त्याचंच. आतल्या टोकाला इंग्रजी सी अक्षरासारखी एक क्लिप त्याला धरून ठेवते, तेवढाच आधार. बाहेरच्या अंगाला शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर येऊ शकतो. यात बनवणाऱ्याला बोल लावायचं कारण नाही. चाळीस वर्षांच्या गाडीला मोठे टायर आणि पाण्याची टाकी मी लावली. नाना एवढंच म्हणाले, "शाफ्टवर वजन ठेवूच नको. हौसिंगवर घे. आपल्या ट्रकला कसं असतं?" लहानपणी पुणे-बंगळूर रस्त्याकडेला कितीदा पाहिलंय, शाफ्ट तुटलेला ट्रक उभा आहे, ड्रायव्हर फ्लँजचे बोल्ट काढून तुटका शाफ्ट ओढून काढतोय आणि चाक जागच्या जागी आहे. तो फुल फ्लोटिंग एक्सल: वजन हौसिंगवर, म्हणजे शाफ्टभोवतीच्या लोखंडी नळीवर, शाफ्ट फक्त चाक फिरवतो.

इथे या गाड्यांसाठी त्याचं ठरलेलं उत्तर म्हणजे साडेदहा इंची 14 बोल्ट. क्राउन, म्हणजे आतला मोठा गिअर, साडेदहा इंचाचा (माझा जुना साडेआठचा होता), त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला दोन्हीकडून आधार म्हणून तिसरं बेअरिंग, आणि हब हौसिंगच्या टोकावर स्वतःच्या दोन बेअरिंगवर फिरतं. भंगारात शोधताना एक लक्षात ठेवा: साडेनऊ इंची सेमी फ्लोटिंगलाही (त्यात वजन शाफ्टवरच येतं) लोक 14 बोल्टच म्हणतात. चाकाच्या मधोमध हब बाहेर आलेलं असेल आणि त्यावर शाफ्टचे आठ बोल्ट दिसत असतील, तरच तो आपल्या कामाचा. मला 350 डॉलरला मिळाला, के 20 या जास्त वजनाच्या पिकअपखालचा, 4.10 रेशोचा (चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे 4.10 फेरे).

त्याच पिढीच्या गाडीतला असल्यामुळे पाट्यांच्या बैठका बरोबर जागेवर आल्या, वेल्डिंग करावं लागलं नाही. बाकी मात्र बरंच बदलावं लागलं. हौसिंगची नळी जाड, म्हणून यू बोल्ट नवे. प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसची मापं वेगळी, म्हणून दोन मापांचा जोडक्रॉस. प्रोपेलर शाफ्ट सव्वा इंच कापून बॅलन्स करून घेतला. हँडब्रेकची केबल वेगळी. आणि वजन! ड्रमसकट जवळजवळ 250 किलो. इंजिन उचलायच्या क्रेनशिवाय हात लावू नका, कितीही माणसं मदतीला आली तरी.

माझी खरी चूक अशी झाली की फक्त मागचा एक्सल घेतला. मागे आठ बोल्टांचं चाक, पुढे सहाचं, म्हणजे दोन स्टेपन्या बाळगायच्या. पुढे 3.08 आणि मागे 4.10 रेशो असताना फोर व्हील लावणं म्हणजे ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलना जोर वाटून देणारी गिअरपेटी) मोडून घेणं. चुकून दांडा ओढला जाऊ नये म्हणून पुढचा प्रोपेलर शाफ्टच काढून ठेवला आणि ऐन बर्फात दोन महिने टू व्हीलवर काढले. शेवटी के 20 चा पुढचा एक्सल वेगळा शोधून घेतला, जास्त पैसे मोजून. एकाच गाडीची जोडी घ्या.

पहिल्याच फेरीत 45 मैलांच्या वेगाला बुडाखाली घुंग् घुंग् सुरू झालं. 55 ला आरसा इतका थरथरायचा की मागची गाडी दिसेना. आधी बॅलन्सवर संशय गेला, शाफ्ट दोनदा तपासून आणला, तो ठीक होता. गाडीचे पाटे उंचीसाठी बदललेले आहेत, त्यामुळे पिनियनचं नाक चुकीच्या कोनात होतं. ट्रान्सफर केसचं तोंड आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत. पाट्यांच्या गाडीत पिनियन एक-दोन अंश खाली ठेवायचा, कारण जोर लागला की तो वर उचलतो. कोनमापक लावला, चार अंशांचा फरक निघाला. पाटे आणि हौसिंगमध्ये चार अंशांची लोखंडी पाचर घातली आणि आवाज त्याच संध्याकाळी गेला.

आता रोजचा अनुभव. भरलेली टाकी घेऊन गाडी सुटताना इंजिनावर ताण येत नाही, हा मुख्यतः 4.10 चा गुण. 65 ला पूर्वी इंजिनाचे मिनिटाला 1430 च्या आसपास फेरे असायचे, आता 1900. चौथा गिअर ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा, आहे म्हणून सुसह्य. पेट्रोल गॅलनला 13 मैलांवरून 12 वर आलं. स्पीडोमीटर 60 ला 80 दाखवू लागला होता, छोटा प्लॅस्टिकचा गिअर बदलून तो जुळवला. 13 इंची ड्रममुळे उतारावर ट्रेलरसह ब्रेकचा भरवसा खूप वाढला. पण जुन्या धाटणीचा एक्सल असल्याने ड्रम काढायचा तर आधी शाफ्ट, मग हब उतरवावं लागतं. लायनर बघायचे म्हटलं की दुपार जाते.

खटकतं ते रिकाम्या गाडीत. आमच्या कच्च्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा आहेत, तिथे मागचा भाग पूर्वीपेक्षा जास्त नाचतो. खाली लटकणारं वजन वाढलं, त्याला इलाज नाही. हौसिंगचं पोट जुन्यापेक्षा इंचभराहून खाली आहे, वाळल्या ओढ्यात दोनदा दगडाला घासलं. दगडधोंड्यांतून गाडी चालवणारे लोक ते पोट कापून घेतात. मला तेवढी गरज वाटली नाही.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. एक्सल मोठा झाला म्हणून दारावरच्या पट्टीवरची वजनमर्यादा वाढत नाही. चासी, पुढचे ब्रेक, पाटे सगळं अर्ध्या टनाच्या गाडीचंच आहे. मी आजही 150 गॅलनच भरतो.

500 मैलांनंतर एकदा आणि मागच्या आठवड्यात एकदा ऑईल बदललं, सुमारे 3 लिटर 80 डब्ल्यू 90 बसतं. पहिल्या वेळी ऑईलमधला लोखंडी कीस धरणाऱ्या चुंबकावर करडा चिखल बराच होता, या वेळी बोटाच्या टोकावर मावेल एवढा. नानांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, पहिला प्रश्न: "उजव्या हबचं सील कोरडं आहे ना?" जाऊन हात फिरवून पाहिला. कोरडं होतं.