किनोचा नकाशा की कोन्साकचा?

बाहा कॅलिफोर्नियावर (मेक्सिकोच्या वायव्येकडची लांबट जमीन) प्रकल्प करणाऱ्या भाचीला एकच जुना नकाशा निवडायचाय. ही जमीन बेट आहे की द्वीपकल्प, हा तेव्हाचा मोठा वाद. दोन्ही जेझुइट (एका कॅथलिक पंथाच्या) पाद्र्यांचे, पण स्वभाव अगदी वेगळे.

पुरावा कुठून आला? किनो मुख्य भूमीवरच्या सोनोराच्या वाळवंटातून घोड्यावर फिरला. बाहाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर पाहिलेले निळे शिंपले त्याला गिला नदीकाठच्या लोकांकडे दिसले. म्हणजे ते जमिनीवरूनच आले असणार! मग 1702 मध्ये तो कोलोराडो नदीच्या मुखापर्यंत जाऊन आला. बेट नव्हे, द्वीपकल्प, हा त्याचा दावा. नकाशा 1705 मध्ये पॅरिसला छापला गेला. तरी शंकेखोर हटले नाहीत.

कोन्साकने 1746 मध्ये लहान होड्यांतून कॅलिफोर्नियाच्या आखाताचा पश्चिम किनारा धरून तेच मुख गाठलं. किनाऱ्याच्या तपशिलात तो सरस, कारण उत्तरेकडचा तो पट्टा किनोने समुद्रातून पाहिलाच नव्हता. पुढच्याच वर्षी स्पेनच्या राजाने कॅलिफोर्निया बेट नसल्याचं फर्मान काढलं.

अचूक रेखांश दोघांकडेही मागू नयेत.

वाद कसा सुटला हे सांगायचं असेल, तर किनो घे. उपसागर, भूशिरं, पाणवठे जुळवायचे असतील, तर कोन्साक. भाचीचा विषय किनारपट्टीचा आहे, तेव्हा माझं मत कोन्साकला.