ड्रमवर काय हवं: चाररंगी चौकोन की जीएचएस लेबल?

पेंट कारखान्यातला एक सुपरवायझर मित्र या पेचात आहे. रसायनांच्या ड्रमवर धोक्याची कोणती खूण लावायची? उदाहरण त्याच्याच टोल्युइनचं घेऊ, म्हणजे पेंटमधल्या पेट घेणाऱ्या सॉल्व्हंटचं.

एनएफपीए ७०४ (अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेचं मानक) चा चौकोन लांबून वाचता येतो. निळा आरोग्य, लाल ज्वलनशीलता, पिवळा अस्थिरता, पांढरा विशेष सूचना. टोल्युइनला लाल खान्यात चारपैकी ३. आग विझवायला आलेल्याला तेवढं पुरतं. पण रोज वाफ हुंगणाऱ्या कामगाराच्या मज्जासंस्थेचं काय, यावर चौकोन गप्प.

जीएचएस (रसायनांचे धोके सांगायची संयुक्त राष्ट्रांची पद्धत) लेबल ते सांगतं: छातीवर चांदणी असलेल्या माणसाचं चित्र, धोक्याची वाक्यं, काय काळजी घ्यायची तेही. मात्र मजकूर बारीक, आणि सॉल्व्हंटचे ओघळ आले की शाई पुसते. छोट्या बाटलीत माल ओतला की तिच्यावरही लेबल हवंच. इथेच सगळे कंटाळा करतात.

खरी गोची आकड्यांची. चौकोनात ४ म्हणजे सर्वांत वाईट, एसडीएसमधल्या (रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकातल्या) जीएचएस वर्गात मात्र १. दोन्ही वापरणार असाल तर हे आधी शिकवा.

गोदामाच्या दारावर, टाकीवर चौकोन. माणूस जे हाताळतो त्या प्रत्येक डब्यावर जीएचएस, मराठी-हिंदीत. पैसे एकाचेच असतील तर लेबलच घ्या.