मातीच्या घरात चौदा महिने: शिबिरात शिकले ते, आणि गावात पुन्हा शिकले ते

गेल्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आम्ही पारोळ्याजवळच्या आमच्या गावी मातीच्या घरात राहायला आलो. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, पुढे ओटा, सगळं मिळून ४२० चौरस फूट. त्याआधी दक्षिणेतल्या एका संस्थेत मी दहा दिवसांचं निवासी शिबिर केलं होतं. विषय होता नैसर्गिक बांधकाम आणि शाश्वत वस्तीची रचना. अशा शिबिरातून आल्याआल्या लिहिलेले अनुभव मी पुष्कळ वाचले होते. त्या घरात पावसाळा काढल्यावर लिहिलेलं मात्र फारसं सापडलं नाही, म्हणून मुद्दाम थांबले. आता एक अख्खा पावसाळा, एक हिवाळा आणि जवळजवळ दोन उन्हाळे झाले आहेत.

शिबिराने मला मातीला हात लावायला शिकवलं आणि त्याबद्दल मी ऋणी आहे. बरणीत माती, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवायचं, एक दिवस ठेवायचं, मग तळाला वाळू, त्यावर गाळ आणि सर्वांत वर चिकणमाती असे थर वेगळे दिसतात. ओल्या मातीची सुरळी वळून ती किती लांब गेल्यावर तुटते ते बघायचं. हे इतकं साधं आहे की शाळेत शिकवायला हवं. चिखल तुडवणं, कच्च्या विटा पाडणं, सांधे मोडत रचणं, शेण आणि भुशाचा गिलावा, चुना भिजवून मुरवणं, हे सगळं करायला मिळालं. दहा दिवसांत भीती गेली, आणि ही कमाई मोठी आहे.

पण तिथली माती लाल होती. आमची काळी, रेगूर. गावी येऊन पहिल्या आठवड्यात मी शेतातल्या मातीच्या बारा विटा पाडल्या. पाचव्या दिवशी बाराही विटा तडकल्या, दोन तर हातात घेताच उभ्या दुभंगल्या. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात आपल्या शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच कारणाने. शिबिरात काळ्या मातीवर एक तास झाला होता. त्या तासाचा सार एवढाच, की ही माती टाळा. जिच्यावर आमचं सगळं गाव उभं आहे ती टाळून जायचं कुठे, हे कुणी सांगितलं नव्हतं.

उत्तर गल्लीतच होतं. आमच्याकडे एक वयस्कर गृहस्थ आहेत, सगळं गाव त्यांना जिभाऊ म्हणतं. तरुणपणी त्यांनी कितीतरी धाब्यांवर, म्हणजे मातीच्या सपाट छपरांच्या घरांवर, काम केलेलं. माझ्या तडकलेल्या विटा त्यांनी पायाने उलटवून पाहिल्या आणि म्हणाले, ही माती पिकाची, घराची माती पांढरी. पांढरी म्हणजे गावठाणातली माती. पिढ्यान्‌पिढ्या राख, शेण, पडलेल्या भिंती असं सगळं मिसळून तयार झालेली, कमी फुगणारी. खानदेशातली बहुतेक जुनी धाबी याच मातीवर उभी आहेत.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पांढरी हवी म्हणून गावाजवळची गढी किंवा जुनं टेकाड खणू नका. १९५५ मध्ये तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशे इथे उत्खनन झालं, गिरणेकाठी बहाळलाही त्याच दशकात झालं. दोन्हीकडे ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर निघाले. आपल्या पायाखालच्या टेकाडात काय आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. खापराचे तुकडे दिसले की फावडं खाली ठेवावं. आम्ही माती आणली ती आजोबांच्या पडक्या घराची. १५ वर्षांपूर्वी पडलेल्या भिंतींचा ढीग तसाच होता. तो फोडला, चाळला, भिजत घातला. आजोबांच्या भिंती माझ्या भिंतीत आल्या आहेत. सिमेंटच्या घराचा ढिगारा असा परत मळता येत नाही.

भिजवायची मला घाई झाली होती. जिभाऊ रोज सकाळी येऊन एकच वाक्य म्हणायचे, "माटीले भिजू दे माय, घाई करू नको." आठ दिवस भिजवली, तुडवली, पुन्हा झाकून ठेवली. त्यात गव्हांडा, म्हणजे गव्हाचा भुसा, बारीक करून घातला. वाळूच्या जागी खडीच्या मशीनवरची कच वापरली. नदीतल्या वाळूचं आपल्याकडे काय चाललं आहे ते सगळे बघतोच, आणि पर्यावरणासाठी घर बांधायचं म्हणून नदी उपसायची हे मला पटेना. आठवडाभर उन्हात ठेवलेल्या विटांपैकी शंभरात चार-पाच तडकल्या. तेवढं चालतं.

पाया काळ्या मातीतून खाली मुरूम लागेपर्यंत नेला, आमच्याकडे तो साडेचार फुटांवर लागला. त्यावर दगडाचं जोतं, जमिनीपासून दोन फूट वर. मातीच्या घरात पैसे वाचवायचेच असतील तर कुठेही वाचवा, जोत्यात वाचवू नका. भिंतीला खालून ओल लागली की वरचं सगळं शिकणं फुकट जातं.

छपराचा निर्णय सर्वांत अवघड होता. आमच्या घरच्यांना पत्रा हवा होता. मला धाबं हवं होतं, पण मनात किल्लारीचा भूकंप होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली, ती बहुतांशी दगड-मातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या वजनाखाली. माळवद म्हणजे आपल्या धाब्याचंच मराठवाड्यातलं भावंड. दरवर्षी गळतं म्हणून वर माती टाकत राहायचं, जुनी काढायची नाही, आणि थर वाढत जातो. मातीचा दोन फूट थर म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ एक टन. आम्ही सहा इंच ठरवला, म्हणजे सुमारे अडीचशे किलो, आणि तो भार भिंतींवर न देता लाकडी खांब आणि सरांवर, म्हणजे आडव्या तुळयांवर, घेतला. खांब जुन्या घराचे सागवानी होते. जोत्यावर, खिडक्यांच्या वर आणि भिंतीच्या माथ्यावर असे तीन आडवे लाकडी पट्टे सगळ्या घराभोवती फिरवून कोपऱ्यात एकमेकांना जखडले. कच्च्या मातीच्या इमारती भूकंपात टिकाव्यात म्हणून भारतीय मानक आहे, आय.एस. १३८२७. शिबिरात त्याचं नावही निघालं नाही याचं मला आजही वाईट वाटतं. गवंड्याला ते दाखवूनच काम सुरू करा.

एका खोलीवर धाबं आणि दुसरीवर मंगलोरी कौलं घातली, म्हणजे दोन्ही तपासून बघता येतील. धाब्याला कड्यांवर (आडव्या लाकडांवर) किलचन, म्हणजे बारीक लाकडांचा थर, त्यावर निंबाचा पाला, मग पांढरी, आणि सर्वांत वर खारी. खारी म्हणजे नाल्याकाठची खारवट माती. तिच्यातल्या क्षारांमुळे ओली झाल्यावर तिचे बारीक कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात, आणि पाणी आत न जाता वरून वाहून जातं. पिकाला नको असलेली माती छपराला चालते, हे आपल्या माणसांनी कधीच ओळखलं होतं.

आता वापराबद्दल. यंदाच्या मे महिन्यात मी रोज तीन वेळा तापमान लिहून ठेवलं. सर्वांत कडक दिवशी दुपारी तीनला बाहेर सावलीत ४४.५ होतं, धाब्याच्या खोलीत ३४, कौलाच्या खोलीत ३८. शेजारी दिरांच्या स्लॅबच्या घरात त्याच वेळी ४१. दुपारी बाहेरून येणारा माणूस दारात थबकतो आणि पंखा कुठे लावलाय ते शोधतो. पण रात्रीचंही सांगायला हवं. दीड फुटाची भिंत दिवसभर प्यालेली उष्णता रात्री सोडते. रात्री अकराला आत ३५ आणि बाहेर ३२, असं पुष्कळदा झालं. म्हणून समोरासमोरच्या खिडक्या आणि भिंतीच्या माथ्यालगतचे झरोके हवेत, ते रात्रभर उघडे आणि सकाळी आठच्या आत बंद. आणि धाब्यावर झोपायचं, जसं आपले आजे-पणजे झोपायचे. ही सवय नसेल तर मातीचं घर अर्धाच गारवा देतं. हिवाळ्यात मात्र दोन्ही खोल्या उबदार होत्या.

पहिल्या पावसाळ्यात नैर्ऋत्येचा कोपरा ढासळला. भिंत नाही, गिलावा, पण चांगला चार फूट. त्या बाजूला पाऊस वाऱ्यासकट येतो आणि वळचण मी दीडच फूट ठेवली होती. आता तीन फूट केली आहे. धाबं एकदाच गळलं, पन्हाळाच्या कडेला, तिथे खारी पुन्हा दाबून बसवली. एका गवंड्याच्या आग्रहाने मोरीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता, तो सहा महिन्यांत पापडासारखा सुटला आणि मागची माती ओली लगदा निघाली. मातीच्या भिंतीला आतली ओल बाहेर सोडायची असते, सिमेंट ती कोंडतं. तिथे आता चुना आणि खाली शहाबादी फरशी आहे. एका चौकटीला वाळवी लागली, कारण तिचा पाय मातीला टेकला होता. बाकीच्या लाकडांच्या टोकांना बिब्ब्याचं तेल चोळलं होतं, ती ठीक आहेत. उंदरांनी धान्याच्या कोठीमागे बीळ केलं, ते काचेचे तुकडे आणि चुना भरून बुजवलं. खिळा भिंतीत टिकत नाही, लाकडी खुंट्या बांधतानाच बसवून घ्या. एका बँकेने कच्चं घर म्हणून कर्ज नाकारलं. एकूण खर्च ४ लाख ६० हजार आला, त्यातला निम्म्याहून जास्त मजुरीचा. जुनं लाकूड घरचं नसतं तर आणखी लाखभर लागला असता. माती फुकट म्हणून घर स्वस्त, असं समजून कुणी उतरू नये.

आता जे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. शिबिरात वस्तीच्या रचनेवर दोन दिवस होते. मोठ्या कागदावर वर्तुळं काढली, मध्ये सामाईक अंगण, भोवती घरं, पलीकडे शेती. चित्रं सुंदर होती. परदेशातल्या वस्त्यांचे फोटो दाखवले. १९३६ च्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा नंदलाल बोसांनी बांबू आणि गावातल्याच साहित्यातून सगळी सजावट उभी केली होती, ते कुणाला माहीत नव्हतं. पांझरा नदीवरच्या फड या सामाईक सिंचन पद्धतीचं नावही आलं नाही. फडात शेतकरी एकाच फडात एकच पीक घेतात, पाट सगळे मिळून साफ करतात, पाणी वाटायला पाटकरी, राखायला जागल्या. शेकडो वर्षं चाललेली ही रचना कागदावरच्या वर्तुळांत दिसली नाही, कारण ती नकाशात नसतेच. कुणी किती दिवस पाटावर यायचं या ठरावात ती असते.

घराचंही तसंच निघालं. मातीच्या घराला दरवर्षी हात लागतात. आखाजीच्या सुमारास धाब्यावर खारी, पावसानंतर गिलाव्याची डागडुजी, दर पंधरा दिवसांनी सारवण. शिबिरात याला "देखभाल जवळजवळ बिनखर्ची" म्हटलं होतं. बिनखर्ची कारण ती बायका करतात आणि त्याची मजुरी कुणी धरत नाही. पहिले तीन महिने मी एकटीच सारवत होते, कंबर धरली, आणि मला या घराचा राग आला. आता नवरा आणि मुलगा पाळीने सारवतात. मुलाचा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे. सासूबाई आधी बोलल्या, मग त्याच त्याला शेणकाला किती पातळ हवा ते दाखवू लागल्या. हे ठरवल्याशिवाय कुणी मातीचं घर बांधू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खारी टाकायचं काम एका घराचं नाहीच. यंदा मी गल्लीतल्या ज्या दोन घरांवर अजून धाबी आहेत त्यांना विचारलं. तिन्ही धाबी एकाच आठवड्यात केली, आज आमच्याकडे, परवा त्यांच्याकडे. वरची जुनी दोन बोटं माती आधी खरवडून काढली आणि मगच नवी टाकली, म्हणजे थर सहा इंचांवर राहील. हे मी आग्रहाने करवून घेतलं, आणि किल्लारीचं सांगितल्यावर कुणी नाही म्हणालं नाही. टोपल्या खालून वर देणाऱ्यांची रांग लागली, दुपारी आमच्याकडे शेवभाजी आणि भाकरी. जिभाऊंना आता वर चढवत नाही. ते ओट्यावर बसून चोपण्याच्या आवाजावरून कुठे कमी पडलं ते सांगत होते.

शिबिराची शिफारस करीन का? हो. पण जायच्या आधी आपल्या गावातल्या शेवटच्या धाबं घालणाऱ्या माणसाकडे चार दिवस बसा, आणि शिबिराला जाताना आपली माती पिशवीत घेऊन जा. तिथल्या शिक्षकांना तीच बरणीत घालायला लावा. माझी तक्रार त्या संस्थेला पत्राने कळवली आहे. काळ्या मातीसाठी वेगळा दिवस आणि देखभालीसाठी वेगळा दिवस ठेवावा, इतकंच मागितलं आहे.

या आठवड्यात चार दिवस झड होती. नैर्ऋत्येचा कोपरा कोरडा आहे. काल मागच्या गल्लीतला एक मुलगा बरणी मागायला आला होता. त्यांच्या पडक्या घराची माती त्याला बघायची आहे. बरणी दिली, मीठ घालायला विसरू नको म्हटलं.