शेजारी बसून चाचणी की लिंक पाठवून?
हळदीच्या सौद्यांचं ॲप लोकांना जमतंय का, हे तपासायला दोन वाटा: सांगलीच्या मार्केट यार्डात शेतकऱ्याशेजारी बसायचं, किंवा लिंक पाठवून त्याची स्क्रीन रेकॉर्ड करायची.

लिंक स्वस्त, झटपट. किती जणांनी अर्ध्यात सोडलं ते कळतं. का सोडलं, ते नाही.

शेजारी बसलं की दिसतं: अंगठा 'पुढे'वर थबकतो, चष्मा वर सरकतो, ओटीपी वाचायला पोराला हाक जाते. "हितं दाबा" म्हणायचा मोह मात्र आवरायचा. तेच सगळ्यात अवघड. ॲप-वेबसाइट वापरायला सोपी आहे का, याचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलेला '५ जणांवर चाचणी पुरे' हा हिशोब अशा अडचणी शोधण्यापुरता. आकडेवारी हवी तर ते स्वतःच किमान २० सांगतात, तिथे लिंक बरी.

मी आधी यार्डातच जाईन, सौदे उरकल्यावर.